बरोबर कोण आहे?

हॉस्पिटलात नातेवाइकांची कमतरता नसते. पांढऱ्या कपड्यातली दिसली की ती सिस्टर, बेडपॅन देणारी ती मावशी, ट्रॉली ढकलणारे ते मामा. माणूस भरती झाला रे झाला की त्याला बसल्या जागी बहीण, मावशी, मामा मिळतात आणि डिस्चार्जचा कागद हातात पडला की हा सगळा गोतावळा तो विसरूनही जातो. विसरावंच. बेडपॅनवाल्या मावशीची आठवण काढत कोणी घरी बसावं, अशी मावशीचीही अपेक्षा नसते.

या गोतावळ्यात मोठ्या सिस्टर सगळ्यांत थोरल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डच्या इन्चार्ज. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण ते कोणी वापरल्याचं ऐकिवात नाही. बाई उंचीने बेताच्या, आवाजाने त्याहून बेताच्या, आणि तरी त्या वॉर्डात शिरल्या की उशा आपोआप सरळ होत. दुसऱ्या वॉर्डांवरच्या मुली त्यांच्याकडे बदली मिळावी म्हणून मेट्रनच्या दारात खेटे घालत. कारण साधं होतं. मोठ्या सिस्टर पेशंटसमोर कोणाला बोलत नसत. रागवायचं असलं तर चादरींच्या खोलीत नेत, दार लोटून घेत आणि रागवत. धीर द्यायचा असला तरी त्याच खोलीत नेत, दार लोटून घेत आणि धीर देत. त्यामुळे आतून बाहेर येणारीचे डोळे लाल असले तरी तिची खरडपट्टी निघाली की समजूत निघाली, हे बाहेरच्यांना कधी कळायचं नाही. ही युक्ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

मिरचीलाही त्यांनी तिथेच नेलं होतं. मिरची म्हणजे त्या वॉर्डातली सगळ्यांत तिखट नर्स. डॉक्टर असो की पेशंटचा दीर, समोरच्याला तोंडावर सुनवायला मागेपुढे बघायची नाही. पण हे टोपणनाव नंतरचं. नवी आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिच्या हातून पहिला पेशंट गेला त्या दिवशी ती चादरींच्या खोलीत जमिनीवर बसली होती आणि "मला नाही जमणार, मी राजीनामा देते," एवढंच म्हणत होती. मोठ्या सिस्टरांनी पाठीवरून हात फिरवला नाही की उपदेशाचे डोस पाजले नाहीत. धुऊन आलेल्या ढिगातली एक चादर ओढली आणि म्हणाल्या, "ऊठ. दुसरं टोक धर. एकटीला चादरीची घडी नीट येत नाही."

घड्या घालता घालता त्या सहज बोलून गेल्या, "मला ना भाऊ, ना बहीण. लहानपणी आई चादर धुवायची आणि मी तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधून घड्या घालायचे. गज काही पुढे येत नाही गं. दर वेळी आपणच जायचं त्याच्याकडे."

मिरची रडता रडता हसली. ढीग संपला तेव्हा राजीनाम्याचा विषय कोणी काढला नाही. पुढे ती चांगली तयार झाली, तिखट झाली, तिचं लग्न झालं, मुलगा झाला, तो शाळेत जायला लागला. मोठ्या सिस्टर होत्या तिथेच होत्या.

त्या वॉर्डात आणखी एक गोष्ट होती जी बाकी कुठल्या वॉर्डात नव्हती. टेबलामागच्या फळ्यावर खाटेचा नंबर, आजार आणि शेवटी एक रकाना, 'बरोबर'. म्हणजे पेशंटबरोबर कोण आहे. त्यात मुलगा, सून, नवरा, जाऊ असं काहीबाही लिहिलेलं असे. कधी एखादीपुढे तो रकाना रिकामा राही. एकदा एक म्हातारी खाटेवरून दिवसभर त्या रिकाम्या जागेकडे बघत पडली होती. शाळा शिकलेली होती, वाचता येत होतं, तेच वाईट. मोठ्या सिस्टर उठल्या आणि त्यांनी तिच्या नंबरापुढे लिहिलं, 'आपण'. मग सगळ्या मुलींना गोळा करून सांगितलं, "जिचं कोणी नाही तिच्याबरोबर आपण. तिचं ताट नुसतं ठेवून जायचं नाही, शेजारी बसायचं. ऑपरेशन थिएटरला नेताना तिची ट्रॉली एकटी जाणार नाही. दारापर्यंत आपल्यातली एक जाईल. आणि तिथे 'आम्ही आहोत' म्हणायचं नाही. 'आम्ही' म्हटलं की ती बाहेर राहते. आपण म्हणायचं."

थिएटरच्या दारात बोलायचं वाक्यही त्यांनीच घालून दिलं. "आपण इथपर्यंत आलो. आता आतले लोक बघतील. मी इथेच आहे हं." आणि दार बंद झालं की पाठ फिरवून जिना चढून वर यायचं, कारण वर बाकीच्या खाटा वाट बघत असायच्या.

"म्हणजे खोटंच की हे," मिरची एकदा म्हणाली.

"खोटंच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पण पेशंटला खरं सांगून त्याचं काय भलं होणार? मी चालले वर, असं ऐकून कोणी आत जाईल का? एवढं खोटं आपल्या पगारात धरलेलं आहे असं समज."

आता माणसाची जीभ ती. कितीही चांगला शब्द तिच्यावर ठेवा, ती त्याला चघळून चघळून चोथा करते. वर्षं गेली आणि वॉर्डात 'आपण' हे पेशंटचं नाव होऊन बसलं. "चारवर आपण आलीये." "आज दोन-दोन आपण आहेत, पटापट हात चालवा." मोठ्या सिस्टरांच्या कपाळाला आठी पडायची, पण त्या बोलल्या नाहीत. शब्द झिजला असला तरी मुली खाटेशेजारी बसत होत्या, ट्रॉलीबरोबर जात होत्या. काम होत होतं. कामापुढे त्या बाकी कशाची तक्रार करत नसत, आणि हीच त्यांची खोड त्यांना नडली.

तर अशा या बाईंना एका सकाळी अंघोळ करताना छातीत गाठ लागली. लिंबाच्या बीएवढी. दुसरी बाई असती तर आठ दिवस 'काही नसेल' म्हणत घालवले असते. मोठ्या सिस्टरांनी त्याच दिवशी सर्जरीच्या डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी काढून तपासायला पाठवू. बहुतेक साधी असेल." हा 'बहुतेक' मोठ्या सिस्टरांनी इतक्या तोंडांतून ऐकला होता की त्याचं वजन त्यांना ग्रॅममध्ये सांगता आलं असतं. मग डॉक्टरांनी पेन उचललं आणि विचारलं, "बरोबर कोण असेल?"

"बघते," त्या म्हणाल्या.

"बघते नाही, सिस्टर. तुमच्या सहीशेजारी जवळच्या माणसाची सही लागेल, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत कोणीतरी लागेल. त्याशिवाय मी घेणार नाही. हा नियम आम्ही तुमच्याच वॉर्डकडून उचललाय."

झालं. त्या दिवसापासून मोठ्या सिस्टरांना गाठीची भीती कमी आणि त्या प्रश्नाची जास्त वाटायला लागली. गाठ डॉक्टर काढणार होते. माणूस कुठून काढायचा? आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न जमता जमता राहिलं, मग राहूनच गेलं. ट्रेनिंगमधल्या मैत्रिणी पांगल्या. शेजारी दर दोन वर्षांनी बदलत, आणि यांच्या ड्युट्या अशा की नव्या शेजाऱ्यांना त्यांचं कुलूपच जास्त ओळखीचं. उरल्या वॉर्डातल्या मुली. त्यांची बाळंतपणं, भांडणं, परीक्षा, सगळं मोठ्या सिस्टरांनी निस्तरलं होतं. एकीला सांगायचं, "गुरुवारी जरा माझ्याबरोबर ये गं." एवढंच वाक्य. पण आयुष्यभर दुसऱ्याचं टोक धरणाऱ्या माणसाला आपलं टोक पुढे करायची सवय नसते. ते वाक्य त्यांच्या घशात अडकून बसलं.

शेवटी त्यांनी ठरवलं, मिरचीला विचारायचं. ती नाही म्हणाली तरी तोंडावर म्हणेल, मागून कुजबुजणार नाही.

दुपारी त्या उठल्या आणि वाटेत टाकी आडवी आली. टाकी म्हणजे वॉर्डातली दुसरी नर्स. डोळे सदा भरलेले, जरा धक्का लागला की वाहायला सुरुवात. "सिस्टर, माझ्या सासूबाई..." म्हणून तिने जी कथा लावली ती ऐकून, तिची ड्युटी बदलून, तिला पाणी पाजून मोठ्या सिस्टर मोकळ्या झाल्या तेव्हा मिरची चहाला गेली होती. त्या चहाच्या खोलीकडे वळल्या. दार अर्धं उघडं होतं. आतून मिरचीचाच आवाज आला.

"मोठ्या सिस्टर उद्या भरती झाल्या, तर फळ्यावर काय लिहायचं गं?"

मग मागच्या दाराने आत शिरलेल्या टाकीचा ओला आवाज, "अय्या! आपण!"

आणि जो हशा पिकला तो पिकला. "खरंच की!" "पक्क्या आपण!" कपबश्या वाजल्या. मोठ्या सिस्टर आल्या पावली मागे फिरल्या.

त्यांना लागलं. फार लागलं. आपण एकट्या आहोत हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण तो शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने घडवला होता, तो दुसऱ्यांसाठी होता, आणि मुलींनी तो किती सहज त्यांच्या अंगाला लावून बघितला होता, आणि तो बसला होता. त्या चादरींच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं आणि तिथे त्यांना धीर द्यायला कोणी नव्हतं. रागवायलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या मुली टेबलाभोवती जमल्या, एका पाळीने दुसऱ्या पाळीला पेशंट सोपवून झाले, आणि मोठ्या सिस्टर नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मी गुरुवारपासून रजेवर आहे. माझा भाचा येतोय."

बाँब पडल्यासारखं झालं. भाचा! मोठ्या सिस्टरांना भाचा! कुठे असतो? काय करतो? मोठ्या सिस्टरांना खोटं बोलायचा सराव फक्त थिएटरच्या दारापुरता, पण एकदा गाडी उताराला लागल्यावर थांबवायची कशी? भाचा लांब असतो. पूल बांधतो. उंच आहे. दूध घातलेला चहा पीत नाही. टाकीने लगेच डोळे पुसून त्याच्यासाठी बिस्किटांचा पुडा आणून दिला. वॉर्डच्या मावशींनी तर कमरेवर हात ठेवून विचारलं, "लग्नाचा आहे का?" आणि आहे म्हटल्यावर धाकट्या नणंदेची मुलगी पुढे केली. मुलगी गोरी आहे, शिवण येतं, पुलावर राहायचीही तिची तयारी आहे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "विचारून बघते." एकटी मिरची काही बोलली नाही. तिने त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि औषधांची गाडी ढकलत निघून गेली.

गंमत अशी की घरी गेल्यावरही तो भाचा त्यांच्या डोक्यातून जाईना. तो कुठे झोपला असता? बाहेरच्या खोलीत. मग तिथला पंखा कुरकुरतो, तो दुरुस्त करायला हवा होता. त्यांनी बिस्किटांचा पुडा डब्यात भरला, फोडला नाही. धुतलेली चादर घडी घालायला घेतली, एक टोक हनुवटीखाली दाबलं, दोन्ही हात लांबवले, नेहमीसारखी ती मधेच वाकडी झाली. "धर रे जरा," असं त्या मोठ्याने म्हणाल्या आणि स्वतःच्याच आवाजाने दचकल्या. मग चादर तशीच गोळा करून कपाटात कोंबली. इतकी वर्षं त्या रिकाम्या घरात राहिल्या होत्या, पण एक माणूस न येऊन घर एवढं रिकामं होतं हे त्यांना त्या रात्री कळलं.

गुरुवारी सकाळी त्या एक पिशवी घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या दाराने आत शिरल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सर्जरी वॉर्डात भरती झाल्या. तिथल्या इन्चार्जना त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, माझ्या मुलींना अक्षर कळता कामा नये. अंगावर मागून नाड्या बांधायचा तो झगा आला आणि मोठ्या सिस्टरांचं सगळं मोठेपण खुंटीला टांगलं गेलं. आता त्या बारा नंबर. टेबलावर एक नवी नर्स होती, फार उत्साही. तिने पेन सरसावून पहिलाच प्रश्न टाकला.

"बरोबर कोण आहे?"

"भाचा. गाडी उशिरा आहे त्याची."

"नाव सांगा."

मोठ्या सिस्टरांची दातखीळ बसली. भाच्याला त्यांनी नोकरी दिली होती, उंची दिली होती, चहा दिला होता. नाव द्यायचं राहून गेलं होतं. "आल्यावर सांगेल तो," त्या म्हणाल्या.

नवी नर्स त्यांच्याकडे बघत राहिली, पण इन्चार्ज सिस्टरच्या वयाच्या बाईला आणखी काय विचारणार. ती गेली. मोठ्या सिस्टर खाटेवर पडून राहिल्या. पोटात रात्रीपासून पाण्याचा थेंब नव्हता, जीभ टाळ्याला चिकटत होती. डोळे मिटून पडायचं त्यांनी ठरवलं होतं, पण डोळे दाराकडे जात होते. सगळे पेशंट दाराकडे बघतात हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. ज्याचं कोणी येणार आहे तो बघतो हे समजण्यासारखं. ज्याचं कोणी येणारच नाही तो का बघतो, हे आज कळलं. दार असतं म्हणून बघतो. तिथे कोणीतरी उभं राहण्याएवढी जागा असते.

ट्रॉली घेऊन मामा आले. "भाचा आला?" "नाही अजून." मग शेजारच्या अकरा नंबरला नेलं. तिच्याबरोबर नवरा, दोन मुली आणि कोणाचं तरी कडेवरचं मूल, अशी वरातच निघाली. पुन्हा मामा आले, आणि दहा नंबर गेली. मग डॉक्टर स्वतः आले. घड्याळाकडे बघत म्हणाले, "सिस्टर, आणखी एक केस होईपर्यंत थांबतो. नाहीतर पुढच्या आठवड्यावर ढकलू."

"चालेल," मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आणि छातीतली ती गाठ आपल्याकडे बघून हसते आहे असं त्यांना वाटलं. पुढच्या आठवड्यात तरी भाचा कुठून येणार होता? पुढच्या महिन्यात? त्यांना आता भीती वाटली, साधी, सरळ, कुठल्याही बाईला वाटते तशी. रडायला यायला लागलं तेव्हा त्यांनी चादर तोंडावर ओढून घेतली.

तिकडे नव्या नर्सला, ही गोष्ट वरच्या वॉर्डात कळू द्यायची नाही, हे कोणी सांगितलंच नव्हतं. बारा नंबर वरच्या मजल्यावरच्या इन्चार्ज आहेत एवढं तिला कळलं, आणि भल्या मनाने तिने फोन उचलून वर विचारलं, "तुमच्या सिस्टरांच्या भाच्याचा नंबर आहे का हो? त्यांचं ऑपरेशन अडलंय."

थोड्या वेळाने चादरीवरून कोणाची तरी सावली पडली.

"भाचा कुठाय?"

मोठ्या सिस्टरांनी चादर खाली केली. मिरची उभी होती. गणवेशात, हाताला स्पिरिटचा वास, जिना धावत उतरल्यामुळे श्वास लागलेला.

"येतोय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. जित्याची खोड.

"कोणाचा मुलगा?"

"बहिणीचा."

"कुठल्या बहिणीचा? खिडकीच्या गजाच्या?"

मिरचीने स्टूल ओढलं आणि बसली. "ना भाऊ, ना बहीण, आणि म्हणे भाचा. वॉर्डातल्या बाकीच्या असतील बावळट. मला त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, बाईंना कुठेतरी चार दिवस जायचं असेल, सांगायचं नसेल. तुम्हाला भाचा हवा होता, मी कोण नाही म्हणणार? पण हे?" तिचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "हे सांगायचं नाही होय आम्हाला?"

त्या 'आम्हाला'ने मोठ्या सिस्टरांना पुन्हा टोचलं. "काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "फळ्यावर काय लिहायचं ते तुमचं ठरलंच होतं की."

मिरचीचा चेहरा पडला. "ऐकलंत तुम्ही ते."

"ऐकलं."

"मग पुढचं का नाही ऐकलंत? सगळ्या हसल्या तेव्हा मी म्हटलं, फिदीफिदी हसू नका, मी खरंच विचारतेय. त्यांच्याबरोबर कोण जाईल?"

"मग?"

"मग कोणी बोललं नाही."

"कोणीच?"

"कोणीच नाही. टाकी रडायला लागली. मीही नाही बोलले. खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, माझी ड्युटी, माझा मुलगा, बघू वेळ येईल तेव्हा. तुम्हाला काही होईल असं कोणाच्या डोक्यातच येत नाही, सिस्टर. तुम्ही म्हणजे..." तिने हात हवेत फिरवला आणि शब्द सापडेना म्हणून खाली टाकला.

खाटेवरची चादर वाकडी झाली होती. मिरचीने तिचं एक टोक ओढलं, मोठ्या सिस्टरांनी सवयीने दुसरं ओढलं, आणि ती सरळ झाली.

मग मिरची उठली आणि टेबलाकडे गेली. "आण तो कागद. कुठे सही करायची?"

नवी नर्स सावध झाली. "जवळचं नातं लागतं. तुमचं नातं काय?"

"मी सिस्टर, त्याही सिस्टर. काय नातं होतं मग? बहीण लिही."

"अहो, असं कसं? त्यांचा भाचा यायचा आहे ना?"

"तो शाळेत गेलाय," मिरची म्हणाली. "दुसरीत आहे. सही त्याला अजून नीट येत नाही, म्हणून त्याच्या आईला पाठवलंय."

खाटेवर मोठ्या सिस्टर हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात गेलं. त्या मुलाच्या बारशाला त्या ड्युटीवर होत्या. उंच होता का तो? पूल बांधेल का? त्याला चहा अजून कोणी दिलाही नसेल. पण नाव होतं त्याला, त्यांना पाठ होतं ते.

मामा ट्रॉली घेऊन आले. मिरची शेजारून चालत होती, ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून, त्यांनीच शिकवलं होतं तसा. वरचे दिवे एकामागून एक सरकत होते. छताला एवढे पोपडे आले आहेत हे मोठ्या सिस्टरांना आजपर्यंत माहीत नव्हतं. या वाटेने त्या शेकडो वेळा गेल्या होत्या, पण उभ्याने.

"वॉर्डवर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"टाकी."

"एकटी?"

"गप्प पडा."

थिएटरचं दार दिसायला लागलं तसा मोठ्या सिस्टरांचा जीव गोळा झाला. भुलीची भीती नव्हती, सुरीची नव्हती. भीती त्या वाक्याची होती. आता मिरची वाकेल आणि म्हणेल, मी इथेच आहे हं. तेच वाक्य, त्याच गोड आवाजात, जो आवाज त्यांनीच घासूनपुसून प्रत्येकीला बसवून दिला होता. त्यामागे पाठ फिरते, जिना चढला जातो, हे आत जाणाऱ्या पेशंटला माहीत नसतं. त्यांना माहीत होतं. ते वाक्य ऐकलं की त्या बारा नंबर होणार होत्या, एक 'आपण', बाकी कोणी नाही.

ट्रॉली थांबली. मिरची वाकली. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सिस्टर, मी इथे थांबत नाहीये," ती म्हणाली. "टाकी एकटी आहे वर, सात नंबरची सलाईन संपत आली असेल, आणि तीनवालीचं अजून मला पटत नाही. मी चालले. सुटले की येते. तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा मी असेन किंवा नसेन, सांगता येत नाही. नसले तर चिडू नका."

मोठ्या सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या.

"असं पेशंटला सांगतात का गं?" त्या हळूच म्हणाल्या.

"पेशंटला नाही सांगत," मिरची म्हणाली. गणवेशाच्या बाहीने तिने नाक पुसलं, जे पेशंटसमोर केलेलं मोठ्या सिस्टरांनी कधी चालवून घेतलं नसतं.

"तीनवालीचं ब्लडप्रेशर दोन्ही हातांना बघ," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आणि पळ आता."

मिरची पळाली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर चढत गेला आणि मोठ्या सिस्टरांनी तो शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. मामांनी दार ढकललं. आत नेहमीची थंडी होती. मास्क लावलेली एक नर्स ट्रॉलीवर वाकली, हातातला कागद चाळला आणि ठरलेला प्रश्न विचारला.

"बरोबर कोण आहे?"

"आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "कामावर गेलीये."